टिटवीवरून आपलं भांडण

बिरा, मी सुतळी आणायला गेलो होतो.

बारामतीच्या बाजारात आपण गाडी सोडली होती तिथून सुतळीचं दुकान काही लांब नव्हतं. दोन गुंड्या घेतल्या, वजन पाहिलं आणि परत फिरलो. निघताना तू गाडीच्या चाकाला टेकून बसला होतास. "या जाऊन तात्या, मी हितंच हाय," असं म्हणालास. परत आलो तर माणसांचा गराडा पडला होता, कोणी कांदा फोडून नाकाला लावत होतं, आणि तू म्हणाला होतास तसा तिथंच होतास.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी विचारलं, कशानं? ते म्हणाले, कधीकधी पडतं. हे मला उत्तर वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. तू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. भाकरी माझ्या दुप्पट खायचास आणि चालायचास तिप्पट. माझ्या हिशेबात हे कुठं बसतच नाही. तुझ्या मातीला मी आलो होतो. हातानं माती लोटली. तरी परवा इंदापूरच्या रस्त्यानं मेंढरांचा कळप येताना दिसला तेव्हा पुढच्या माणसाला मी हाक मारली. तो दुसराच होता. बिचाऱ्यानं वळून रामराम केला.

काल इंदापूरची जत्रा झाली. तुझी घोडी टिटवी पळाली. काय झालं ते तुला कळायला हवं, आणि नीट सांगणारा माझ्याशिवाय दुसरा कोणी नाही. शिवाय आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे. त्या दिवशी मी सुतळीला निघालो तेव्हाही आपण त्यावरच बोलत होतो. "जत्रंनंतर बघू तात्या, बक्कळ येळ हाय," म्हणालास. हे तुझं चुकलं.

टिटवी पहिल्यांदा पळाली ती शर्यतीत नव्हतीच. पाच वर्षांपूर्वी याच माळावर घोडी सुटली, मी निशाणाशी पंच म्हणून उभा होतो, आणि घोळक्यातून पाठीवर तवा, हंडा आणि दोन कोंबड्या बांधलेली एक पिकल्या बोराच्या रंगाची घोडी खणखणत पुढं आली. तुमचं बिऱ्हाड वाहणारी घोडी, दावं तोडून पळालेली. अख्खी जत्रा हसत होती. ती निशाणाच्या पुढं गेली, माझ्या पाठीमागच्या रानात तुमचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, होता तिथं जाऊन थांबली आणि तुझ्या बायकोनं, सरूनं, तिच्या पाठीवरचा हंडा उतरवला. त्यातलं पीठ निम्मं सांडलं होतं. तू धावत माझ्याकडं आलास.

"तात्या, निशाण आमचं."

"तुझं नाव कुठं आहे?"

"नाव कशाला? पुढं आली का न्हाय?"

"नाव दिल्याशिवाय पळालेलं जनावर मी धरत नाही."

"आरं तिच्या! सोळा घोडी मागं टाकली, ती बी भांड्यासकट! भांडी तरी धरा."

मी निशाण दुसऱ्याला दिलं. मला वाटलं तू राग धरशील. तू त्याच हिवाळ्यात सांगवीला माझ्या रानात मेंढरं बसवायला घेऊन आलास. रानाला खत, मेंढरांना चारा, असा आपला व्यवहार ठरला आणि मग दर हिवाळ्याला तुम्ही येत राहिलात. ते खत माझ्या उसाला काय लागलं हे मी शेजाऱ्यांना एकरी सांगू शकतो. पण तू मेंढरांच्या निमित्तानं यायचास की भांडणाच्या, हे आमच्या घरात कधी ठरलं नाही. आमची मंडळी तर तुला बघितलं की विचारायची, "चहा भांडणाआधी ठेवू का मागनं?"

पुढच्या वर्षी तू रीतसर नाव दिलंस आणि मग टिटवी हरलीच नाही. इंदापूरकडच्या, बारामतीकडच्या जत्रा धरून सतरा वेळा पळाली, सतरा वेळा पहिली आली. लोक काहीही सांगतात. दौंडच्या गाडीला तिनं मागं टाकलं म्हणतात. ते मी पाहिलं होतं. गाडी बारामती स्टेशनात शिरत होती, म्हणजे वेग कमी करत होती, ते मी धरत नाही. पण तिसऱ्या वर्षीची मैलाची धाव मी स्वतः धरली आहे. सुटणीला, म्हणजे घोडी सुटतात त्या टोकाला, बार उडतो तेव्हा मी आवाजावर घड्याळ धरत नाही, धुरावर धरतो, कारण आवाज मैलभर यायला वेळ घेतो. ती धाव दोन मिनिटांच्या आत झाली. त्याआधी आपल्या दोन तालुक्यांत कोणतंही घोडं सव्वादोनच्या खाली आलं नव्हतं. वरकुट्याचे रामराव बागाईतदार तिच्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "अस्सल भीमथडी रक्त आहे हे." तू म्हणालास, "रक्ताचं न्हाय ठावं, पर खाती लई."

भांडण त्याच वर्षी सुरू झालं. मला एक गोष्ट खटकत होती. तू कोणत्याही जत्रेला गेलास की आधी निशाण कुठं रोवलंय ते बघायचास, मग त्याच्या मागच्या रानाच्या मालकाला गाठून मेंढरं बसवायचं ठरवायचास. दर ठिकाणी. एकदा योगायोग, दोनदा योगायोग. पाचव्यांदा मी बोललो.

"बिरा, ही घोडी शर्यत पळत नाही. ही घरी जाते."

तू विडी पेटवत होतास. "आनि बाकीची घोडी कुठं चालल्यात? कोरटात?"

"चेष्टा नको. निशाणामागं तुमचा वाडा असतो, शेळ्या असतात, सरूची चूल असते. तिला ते दिसतं, वास येतो, म्हणून ती पळते. वाडा दुसरीकडं ठेव आणि पळवून दाखव."

"का दाखवू?"

"म्हणजे तिचा खरा वेग कळेल."

"तात्या, हा काय खोटा हाय व्हय? तुमच्याच घड्याळात बसलाय न्हवं?"

तीन हिवाळे आपण हेच बोललो, कधी माझ्या ओट्यावर, कधी रात्री तुमच्या चुलीपाशी. मी म्हणायचो, माझ्या रानात पळव, वाडा इकडे, निशाण तिकडे, फक्त एकदा. तू म्हणायचास, "तुमी आईची माया मोजता का, शेरात किती भरती ती?" मी म्हणायचो, हे उत्तर नाही. तू म्हणायचास, "मग चहा तरी सांगा." मला तुझा खरोखर राग यायचा. सरळ दिसणारी गोष्ट हा माणूस कबूल का करत नाही, हे मला समजायचं नाही.

या हिवाळ्यात रामराव आपल्याकडं आले. माझ्याच ओट्यावर बसून बोलणं झालं. त्यांना टिटवी हवी होती, तिची शिंगरं हवी होती, आणि बदल्यात ते वरकुट्याला पाटाखालचं दोन एकर रान द्यायला तयार होते. माणूस भला आहे. त्यांनी घासाघीस केली नाही. तू माझ्यादेखत शब्द दिलास: "यंदाचं इंदापूरचं निशाण बी टिटवीनं आणलं, तर घोडी तुमची, रान माझं." जिंकूनच जायला हवी, असं तुझं म्हणणं होतं. हरलेली घोडी देणं तुला कमीपणाचं वाटत होतं.

ते गेल्यावर मी विचारलं, "सरूला विचारलंस?"

"तिला काय इचारायचं? पोरं एका जागी ऱ्हातील. कुनाच्या बांधावर झोपायचं कुठवर? तिलाबी घर नको का?"

"मग विचारायला काय हरकत आहे?"

"इचारतो की. बक्कळ येळ हाय."

तिथंही हेच म्हणालास. तिला विचारायच्या आधी तू गेलास.

तुझ्या मागं तुमचा कळप थांबला नाही. मेंढरं सुतक पाळत नाहीत. सरूनं डोक्यावर पदर घेतला आणि काठी हातात घेतली. तुझा भाऊ धुळा दुसरा कळप सोडून मदतीला आला. पंधरवड्यानं रामराव धुळाला घेऊन माझ्याकडं आले आणि माझ्यासमोर विषय निघाला. सरू उंबऱ्याजवळ उभी होती. धुळा म्हणाला, "दादाचा शबूद हाय, मोडायचा न्हाय. घोडी मी पळवतो. रान माझ्या नावावं करू, वैनी आनि पोरं माझ्याकडंच ऱ्हातील."

सरूनं माझ्याकडं बघितलं. "तात्या, शबूद दिल्ता का त्येनी?"

माझ्यापुढं काय होतं, बिरा? मी साक्षीदार होतो. दिला होता, असं मी सांगितलं.

"नेमकं काय म्हनलं?"

मी शब्दाला शब्द सांगितलं.

"जिंकली तर," ती म्हणाली.

"हो. जिंकली तर."

ती सगळे उठून गेल्यावर माझ्या बायकोपाशी बोलली, ते मला नंतर कळलं. "रान धुळाभावजीचं, घोडी रामरावाची. मेंढरं बी मग इकायलाच लागतील. मी कुनाची, काकू? हे हुतं तवर माजं म्हनून काय तरी हुतं. आता ही घोडी नि ही मेंढरं, एवढंच माजं हाय. ती गेली की मी दुसऱ्याच्या चुलीपुढची बाई."

बायकोनं मला हे सांगितलं आणि विचारलं, "तुम्ही काही करणार आहात का?" मी म्हणालो, शब्द बिराचा आहे, त्यात मी काय करू? ती भांडी आवरायला निघून गेली. त्या रात्री तिनं मला विड्याचं पान दिलं नाही.

काल सकाळी मी माळावर गेलो. निशाण नेहमीच्या जागी होतं. मी मागं वळून बघितलं. मागचं रान मोकळं होतं. नुसती ज्वारीची धसकटं. पाच वर्षांत पहिल्यांदा तिथं मेंढरू नव्हतं. मग मी समोर, पार सुटणीच्या टोकाला बघितलं. मैलभर लांब बाभळींच्या बाजूला पांढरंकाळं काहीतरी हलत होतं आणि चुलीचा धूर सरळ वर चालला होता.

सरूनं वाडा सुटणीला टाकला होता.

धुळाला त्याचं काही वाटलं नव्हतं. तो तुमच्याबरोबर कधी जत्रा फिरलाच नव्हता, आणि कुणाच्या रानात मेंढरं बसवायची हे वहिनीनं ठरवलं तर त्यात काय! त्या माळावर सातआठशे माणसं असतील. धुराचा अर्थ फक्त मला कळत होता, कारण तीन हिवाळे मीच तो अर्थ तुझ्या गळी उतरवत होतो. मी पंच होतो, शब्दाचा साक्षीदारही होतो. मग मी स्वतःला विचारलं, घोड्याच्या मालकानं आपलं बिऱ्हाड कुठं टाकावं याबद्दल शर्यतीचा काही नियम आहे का? नाही. तुझ्या वेळी मी तो काढला नव्हता, तिच्या वेळी काढणार नव्हतो. मी जागेवर उभा राहिलो.

बार उडाला. धुरावर मी घड्याळ धरलं. आठ घोडी निघाली आणि टिटवी पहिल्यापासून मागं. लोकांना वाटलं, मागनं येईल, ती नेहमी मागनं येते. येईना. धुळा तिला मारत होता. तू तिला कधी मारलं नव्हतंस. अर्ध्या मैलाच्या दगडापाशी ती उभी राहिली, धुळा तिच्या मानेवरून खाली घसरला, आणि ती वळली.

बिरा, ती जी पळाली! तोंड बाभळींकडं, मान लांब, पोट जमिनीला लागल्यागत. निशाणाकडं येणाऱ्या सात घोड्यांकडं कोणी बघतच नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि ते माझं काम होतं. घड्याळ माझ्या हातात चालूच होतं. दगडापासून बाभळींपर्यंत अर्धा मैल, ते अंतर मी साखळीनं मोजलेलं आहे. मी लांबून बघत होतो, दोनतीन सेकंद इकडंतिकडं धर. तरीही त्या वेगानं ती पुरा मैल पळाली असती तर तिनं तिसऱ्या वर्षीची स्वतःची धाव मागं टाकली असती. तिच्या आयुष्यातली सगळ्यांत जोराची धाव ती काल पळाली, आणि हरली.

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

निशाण मी एका अबलख घोड्याला दिलं. माळावर बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. "मुकं जनावर, पर धन्याबिगर पळंना," असं जो तो म्हणत होता. रामराव माझ्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांचेही डोळे ओले होते. ते म्हणाले, "तात्या, शब्द जिंकण्याचा होता. ती बिराच्या मागं गेली. मी आता तिला मागणार नाही, कोणी मागूही नये." धुळा धुळीनं भरलेला, गुडघा फुटलेला, लंगडत आला. "घोडी हाय का गाढाव! दोन एकर पाटाचं रान गेलं!" पण रामरावांपुढं त्याचा आवाज खाली आला. आणि मग त्याच लोकांसारखा तोही रडायला लागला, कारण भाऊ त्याचाही गेला होता.

मला त्यांच्यासारखं रडता येईना. ते चुकीच्या गोष्टीवर रडत होते, असं वाटत होतं.

गर्दी पांगल्यावर मी चालत बाभळींकडं गेलो. टिटवी घामानं काळी झाली होती. सरू तिला गोणपाटानं पुसत होती.

"या, तात्या. निशाण कुनाला दिलं?"

"अबलख घोड्याला."

"चांगलं हाय ते बी."

मी विचारलं, "सरू, वाडा या टोकाला का टाकलास?"

"ह्या रानाला खत नको व्हय?" ती गोणपाट पिळत म्हणाली. हसली नाही. मग खाली बघून म्हणाली, "त्येंचा शबूद म्या मोडला न्हाय. घोडी हरली. शबूद जिंकायचा हुता."

"नाही मोडलास."

"तुमी सांगनार कुनाला?"

"मला कोणी विचारलेलं नाही."

तिनं मान हलवली. टिटवी तिच्या खांद्यावर नाक घासत होती. मला वाटलं, आता जावं. पण माझ्याच्यानं राहवेना. बिरा, तू नव्हतास. भांडण जिंकून मी उभा होतो आणि ज्याला सांगायचं तो माणूस नव्हता. म्हणून मी तिला सांगितलं. म्हणालो, "ती घरी पळते, हे मी बिराला तीन वर्षं सांगत होतो. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं नाही."

सरूनं गोणपाट खाली ठेवलं आणि माझ्याकडं नवलानं बघितलं.

"त्येला ठावं हुतं की, तात्या."

"काय?"

"पहिल्या सालीच म्याच सांगितलं हुतं. ती भांड्यासकट पळाली न्हवं का, तवाच म्हनलं, ही शर्यतीत न्हाय, माज्याकडं पळाली. निशानामागं वाडा टाकत जावा, कुनाला घावायची न्हाय. तवापास्नं आमी तसंच करत हुतो."

माझं डोकं चालेना. तीन हिवाळे. माझ्या ओट्यावर, तुमच्या चुलीपाशी. माझा चढलेला आवाज, तुझी विडी, आईची माया आणि तिचे शेर. तुला माहीत होतं. मी बरोबर आहे हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तू माझ्या तोंडावर नाही म्हणत राहिलास.

"मग माझ्याशी भांडत का होता?"

सरू टिटवीच्या आयाळीतले काटे काढत राहिली. मग म्हणाली, "म्या बी इचारलं हुतं येकदा. म्हनलं, तात्यांस्नी का छळताय? सांगून टाका की. तर मला म्हनलं, 'येडी हायस. व्हय म्हनलं तर मिटंल की. मिटल्यावं तात्या कशाला यील आपल्या चुलीपाशी?'"

आलो असतो, बिरा. भांडण नसतं तरी आलो असतो.